नळीतलं काळं कडं

त्या वर्षांत आमच्या पठारावर माणसं कमी आणि प्यूमा जास्त झाले होते. डोंगरापलीकडचा ज्वालामुखी फुटून राख पडली होती. राखेने गवत गेलं, गवताबरोबर मेंढ्या गेल्या आणि मेंढ्यांपाठोपाठ एकेक घर दाराच्या कडीला तार गुंडाळून निघून गेलं. शिकार करणारं कुणी उरलं नाही म्हटल्यावर ते बिबट्याएवढं पिंगट जनावर निवांत खाली उतरलं. रिकाम्या घराच्या पायरीवर ऊन खात बसलेला प्यूमा मी स्वतः पाहिलाय. मी तेव्हा लोकर उचलायला ट्रक घेऊन त्या रस्त्याने फिरायचो. पुढे पुढे तर उचलायला लोकरच नसायची.

जे मागे राहिले त्यांत अमांसियो आणि त्याची बायको रोसेंदा होते. अमांसियो एके काळी आसपासच्या सगळ्यांच्या बंदुका दुरुस्त करून द्यायचा. कुणाचा चाप अडकला, कुणाची नेम धरायची माशी वाकली, की माणूस घोड्यावर टांग टाकून त्याच्याकडेच. पण दुसऱ्यांच्या बंदुका डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या या माणसाने घरातल्या सासऱ्याच्या जुन्या रायफलीकडे कधी नीट पाहिलं नाही. आदल्या हिवाळ्यात कळपात प्यूमा शिरला म्हणून तो ती घेऊन धावला. काडतूस मागच्या बाजूने फुटलं आणि आगीचा लोळ त्याच्या तोंडावर आला. एक डोळा गेला. दुसऱ्यात उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला.

तेव्हापासून रोसेंदा सगळं बघायची. मेंढ्या, विहीर, कुंपण, आभाळ. बघून घरी यायची आणि त्याला सांगायची. मूलबाळ नव्हतं. एक कुत्रा होता, तोही आपल्याच सापळ्यात पाय अडकून लंगडा झालेला.

त्या शरद ऋतूत प्यूमा पुन्हा आला. एका रात्रीत त्याने खाल्ली एक मेंढी आणि मारल्या कितीतरी. सकाळी रोसेंदाला त्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकावर एक पडलेल्या सापडल्या, माना मोडलेल्या. दोन दिवसांनी तेच. मग पुन्हा. हिवाळा दारात होता. बर्फ पडल्यावर तर मेंढ्या पळूसुद्धा शकणार नव्हत्या.

आमच्याकडे संध्याकाळी रेडिओवर लांबच्या वस्त्यांसाठी निरोप वाचून दाखवतात. कुणाचा बाप आजारी, कुणाला मुलगी झाली, कुणाचा घोडा सापडला. अशाच एका संध्याकाळी बाईने वाचलं, "डोन बाल्दोमेरोकडून अमांसियोला. आम्ही गाव सोडतोय. बापाची माउझर रायफल द्यायची आहे. पैसे नकोत. तुझ्या पिकअपची चाकं आणि बॅटरी हवी."

अमांसियोने हातातला माते नावाच्या कडू चहाचा भोपळा खाली ठेवला. "ऐकलंस?"

"ऐकलं," रोसेंदा म्हणाली. "चाकं दिली तर आपण हिवाळाभर इथेच. काही झालं तर घोड्यावरून जावं लागेल."

"आणि नाही दिली तर वसंतात चाकांवर बसून कुठे जायचंय? मेंढ्या विकायला? कुठल्या मेंढ्या?"

दुसऱ्या दिवशी तिने पिकअप दगडांवर चढवली, चारही चाकं काढली, बॅटरी काढली, सगळं छकड्यात घातलं आणि नवऱ्याला शेजारी बसवून ती निघाली.

बाल्दोमेरोला सगळे आदराने डोन बाल्दो म्हणायचे. तो म्हातारा होता, वाळलेल्या चामड्यासारखा. त्याच्या पिकअपचे टायर फाटून चिंध्या झाले होते. त्याची बायको एर्मिनिया राख पडल्यापासून खोकत होती आणि आता तिच्या रुमालावर रक्त दिसायला लागलं होतं. इस्पितळ दोन दिवसांच्या रस्त्यावर होतं. ती आतल्या खोलीत पडून होती. बाहेर स्वयंपाकघरात अर्धं सामान बांधलेलं होतं आणि चुलीवर किटली उकळत होती.

"आण ती इकडे," अमांसियो खिडकीजवळ बसत म्हणाला. "पोरगी दाखवायला बोलावलंस आणि आतच लपवून ठेवलीस."

"लाजत नाही ती," म्हातारा म्हणाला. त्याने कांबळ्यात गुंडाळलेली रायफल टेबलावर ठेवली. "माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, पण माझ्यापेक्षा सरळ चालते."

"तुझ्यापेक्षा सरळ तर वारापण चालतो."

दोघं हसले. मग अमांसियोने हातमोजे काढले आणि त्याचा चेहरा बदलला. रोसेंदाने तो चेहरा वर्षभर पाहिला नव्हता.

आधी त्याने बोल्ट मागे ओढला आणि करंगळी आत घालून पाहिली. रिकामी. मग दोन्ही हात लाकडावरून फिरवले, जसे घोड्याच्या पायावरून फिरवतात तसे. मुठीजवळ लाकूड पिळून पाहिलं, कान जवळ नेऊन बोटाने टिचकी मारली. दस्ता एका जागी चिरलेला होता. तिथे त्याचं नख थांबलं.

"हे केव्हा?"

"घोड्यावरून पडली. मी नाही, ती."

"तारेने बांधता येईल." त्याने रायफल रोसेंदाकडे वळवली. "नळीच्या मुळाशी नंबर आहे. वाच."

तिने वाचला.

"आता बोल्टवरचा."

तोही वाचला. दोन्ही एकच.

"म्हणजे पहिल्या लग्नाचेच आहेत दोघं. मध्ये कुणी बदललेलं नाही." त्याने बोल्ट काढून कांबळ्यावर ठेवला आणि त्याच्या पुढच्या टोकावरचे दोन कोंब अंगठ्याने चाचपले. हे कोंब खाचेत बसतात आणि स्फोटाचा सगळा जोर पेलतात. ते झिजले की झालं. तो बराच वेळ त्यांच्यावरून बोट फिरवत राहिला. मग खिशातून बारूद काढून टाकलेलं एक काडतूस काढलं, नळीत घातलं, बोल्ट बंद केला. अलगद बसला. तेच काडतूस काढून त्याच्या बुडाला चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पुन्हा बंद करायला गेला. या वेळी बोल्ट अडला.

"शाब्बास," तो पुटपुटला. "पट्टीएवढीसुद्धा जागा सोडत नाही. माझ्या त्या सटवीला हे एकदा करून पाहिलं असतं, तर आज तुझं हे थोबाड बघत बसलो असतो, बाल्दो."

"तेवढं तरी तुझं भलं झालं."

त्याने चाप ओढून पाहिला, खटका लावून पाहिला, दस्ता जमिनीवर आपटून घोडा सुटतो का ते पाहिलं. नाही सुटला. गोळीचं टोक नळीच्या तोंडात घालून किती आत जातं ते नखाने मोजलं. प्रत्येक गोष्टीनंतर मान हलवत होता. रोसेंदा त्याच्याकडे बघत होती आणि तिला वाटत होतं, हे असंच चालू राहावं.

"गज दे," तो म्हणाला. "तेलाचं फडकं घालून नळी आतून चाचपतो."

म्हातारा चुलीकडे वळला. "गज पेटीत गेला रे. पेटी खाली आणि तिच्यावर निम्मं घर."

"राहू दे. गज आमच्या घरी आहे." अमांसियोने बोल्ट काढलेली रायफल बायकोच्या हातात दिली. "आणि इथे रोसेंदाचे डोळे आहेत. खिडकीकडे तोंड कर आणि मागून बघ. आटे दिसतात?"

तिने एक डोळा मिटला. नळीच्या आत उजेड वळणं घेत जात होता. "दिसतात."

"कडा?"

"मागच्या बाजूला बोथट. पुढे चांगल्या."

"खड्डे?"

"बारीक बारीक. धूळ उडाल्यासारखे."

"राखेने घासलंय. चालेल. आता नीट बघ. कुठे काळं कडं दिसतं का? अख्खं गोल, सावलीसारखं. नळी फिरवली तरी जागचं हलत नाही असं."

तिने नळी फिरवली. पलीकडच्या टोकाकडे, उजेडात, एक काळं कडं होतं. तिने पुन्हा फिरवली. ते तिथेच होतं.

अमांसियो बोलतच होता. "तसं असेल तर समज, आत काहीतरी अडकलेलं असताना कुणीतरी बार काढलाय. पोलाद तिथे आतून फुगतं. बाहेरून हाताला कळतही नाही. आणि मग एखाद्या दिवशी तिथूनच फाटतं."

रोसेंदाने डोळा नळीवरून काढला. डोन बाल्दो तिच्याकडेच बघत होता. तो भोपळ्यात पाणी ओतत होता, भोपळा भरून पाणी टेबलावर सांडत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. आतल्या खोलीत एर्मिनियाला खोकल्याची उबळ आली.

बाहेर छकड्यात चाकं होती. ती परत नेऊन बसवायची. पुन्हा त्या कुंपणाच्या कोपऱ्याशी जायचं, रिकाम्या हाताने.

"काही नाही," रोसेंदा म्हणाली.

"नीट पाहिलंस?"

"पाहिलं ना! हवं तर तूच बघ."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला चटका बसला. पण अमांसियो हसला. "बाल्दो, बघ, या बाईच्या जिभेची कड अजून बोथट झालेली नाही." आणि त्याने टेबलावरून हात पुढे केला. व्यवहार ठरला.

चाकं उतरवताना म्हाताऱ्याने रोसेंदाच्या हातात काडतुसांचा डबा दिला. "जुनी आहेत. काही उडतात, काही रुसतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गेल्या हिवाळ्यात नळीच्या तोंडात बर्फ शिरलं होतं. मला कळलं नाही. त्यानंतरही वापरली मी. काही झालं नाही. पण पोरी, पहिले बार दोरी बांधून, लांबून काढ."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू का नाही सांगितलंस?"

तिने डबा छकड्यात टाकला आणि लगाम उचलला.

परतीच्या वाटेवर अमांसियो रायफल मांडीवर घेऊन बसला होता, तान्हं मूल घेतल्यासारखी. बऱ्याच महिन्यांनी तो बडबडत होता. दस्त्याला तार कशी गुंडाळायची, काडतुसं कशी निवडायची, रोसेंदाने खांद्याला कशी लावायची. "तू शिकशील. तुझा हात थरथरत नाही." ती प्रत्येक वळणावर ठरवत होती की आता सांगायचं. पुढच्या वळणावर सांगू. मग ओढ्यापाशी. मग घर आलं.

सकाळी ती कुंपणाकडे जाऊन आली, आली ती धापा टाकत. "पुन्हा आला होता. दे ती इकडे. माग ताजे आहेत, मी जाते."

"थांब. साफ करतो आधी."

"वेळ नाही, अमांसियो!"

"घाण नळीतून बार काढायचा? एकदा तोंड भाजून घेतलंय, तेवढं पुरे." त्याने खुंटीवरचा गज काढला, टोकाला फडकं गुंडाळलं, तेलात बुडवलं आणि रायफल गुडघ्यांत धरून बसला.

रोसेंदा दारातच उभी राहिली.

घट्ट फडकं करकरत आत जात होतं. अमांसियो हळूहळू, एका लयीत गज ढकलत होता. एका जागी गज एकदम सैल सरकला आणि लगेच पुन्हा घट्ट झाला. त्याचा हात थांबला. त्याने गज मागे घेतला. पुन्हा पुढे. पुन्हा तिथेच. मग त्याने गज बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

"रोसेंदा, खिडकीत काय दिसलं तुला?"

ती टेबलावरच्या गजाकडे बघत राहिली.

"मी विचारलं होतं ना? काळं कडं आहे का म्हणून?"

"होतं," ती म्हणाली.

तो ओरडेल, काहीतरी फेकेल असं तिला वाटलं. ते बरं झालं असतं. त्याने फक्त आपले जळके गाल हाताने चोळले.

"हे तोंड रोज बघतेस तू," तो म्हणाला. "तरी ती बंदूक तोंडाला लावायला निघाली होतीस."

"मग काय करू? तूच सांग! चाकं परत आणू? बसून मोजत राहू रोज किती मेल्या ते? खरं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो."

"मग?"

"मग काय? माझा नाही म्हणायचा हक्कसुद्धा काढून घेतलास?" त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मला स्वतःला काही दिसत नाही, रोसेंदा. तू म्हणालीस आभाळ निरभ्र आहे, तर माझ्यासाठी ते निरभ्र. अजून काय काय सांगितलं नाहीस मला?"

ती भिंतीला टेकली आणि खाली बसली. आणि मग सगळंच बाहेर आलं. मेलेल्या मेंढ्यांचा आकडा ती दर वेळी निम्मा सांगत आली होती. विहिरीचं पाणी हातभर खाली गेलं होतं. लोकर भरायच्या पोत्यांतली निम्मी तिने चुलीत घातली होती, कारण सरपण संपत आलं होतं. आणि गेल्या महिन्यात तिच्या बहिणीचा रेडिओवर निरोप आला होता, दोघं इकडे निघून या म्हणून. तो झोपला होता. तिने सांगितलं नाही, कारण तो गेला असता, आणि तिला त्याला दुसऱ्याच्या घराच्या कोपऱ्यात बसलेला बघायचा नव्हता.

अमांसियो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मेंढ्या किती उरल्यात? खरं."

तिने सांगितलं.

तो उठला. भिंतीला हात लावत लावत मागच्या छपरीत गेला. आत डबे पडल्याचे, लोखंड वाजल्याचे आवाज आले. परत आला तेव्हा त्याच्या हातात लोखंड कापायची करवत, कानस आणि काटकोन तपासायचा कोन होता.

"गज पुन्हा घाल," तो म्हणाला. "सैल लागतो तिथे गजावर खूण कर, मग बाहेरून मोज. तोंडापासून किती आत?"

"वीतभर."

"वीत आणि चार बोटं कापू. एवढी लांब नळी सैन्याला लागते, तुला नाही."

ती बघतच राहिली. "कापता येते?"

"तू तिथे बोलली असतीस तर तिथेच सांगितलं असतं. बाल्दोकडून ती अर्ध्या चाकांत घेतली असती." त्याने नळी शिकंज्यात आवळली. "धर. हलू देऊ नकोस."

कापायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो कापलेलं तोंड सरळ करायला. नळीचं तोंड जरा जरी तिरकं राहिलं तर गोळी भलतीकडे जाते. अमांसियो कानस मारायचा, थांबायचा आणि म्हणायचा, "कोन लाव. फटीतून उजेड दिसतो?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा रोसेंदाला रडू आलं. "दिसतो," ती म्हणाली. "डाव्या अंगाला. केसाएवढा."

त्याने कानस मारली. "आता?"

"दिसतो. आता वरच्या अंगाला."

"आता?"

"अजून दिसतो."

दुपार झाली, उजेड खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेला. त्याच्या बोटांची सालं निघाली. ती दर वेळी वाकून बघत होती आणि दर वेळी सांगत होती की नाही, अजून नाही झालं. एकदा तो चिडून म्हणाला, "आता तरी खोटं बोल ना, बये!" आणि मग दोघंही हसली. रडल्यासारखीच हसली.

शेवटी फट बंद झाली. त्याने अंगठा फिरवून पाहिला आणि मान डोलावली. नळीच्या आतली कड गुळगुळीत करायला बारीक वाळू हवी होती. रोसेंदाने खिडकीच्या चौकटीतली राख बोटाने गोळा केली आणि तेलात कालवली. पितळी स्क्रूच्या गोल डोक्याला ती लावून अमांसियो नळीच्या तोंडात फिरवत राहिला. कापलेल्या तुकड्याबरोबर पुढची माशीही गेली होती. त्याने जुन्या नळाच्या तोटीतून पितळेचा तुकडा घासून काढला आणि कथलाचा डाग देऊन तो नळीवर बसवला. सरळ बसला की नाही हे पुन्हा रोसेंदानेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रायफल मेंढ्यांच्या दगडी पाणवठ्याला बांधली आणि चापाला दोरी लावून भिंतीमागून ओढली. आवाजाने कुत्रा छपरीत पळाला. अमांसियोने रिकामं काडतूस हातात घेतलं आणि नखाने चहूबाजूंनी तपासलं. फुगलेलं नव्हतं, चिरलेलं नव्हतं. आणखी एक बार तसाच. मग त्याने रायफल सोडवली आणि तिच्या खांद्याला लावली. तो तिच्या मागे उभा राहिला, त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर, गाल तिच्या गालाला लागलेला.

"बाजूला हो," ती म्हणाली. "काही झालं तर..."

"मार."

तिने लांबच्या पेटाऱ्याच्या फळीवर बार काढला. गोळी खूप खाली लागली. माशी घासली. पुन्हा मारली. पुन्हा घासली. काडतुसं संपत चालली तेव्हा गोळी हवी तिथे लागायला लागली.

त्यानंतरच्या आठवड्यात पहिलं बर्फ पडलं आणि बर्फावर माग उमटले. रोसेंदा घोडा घेऊन घळीत शिरली. प्यूमाने मारलेली मेंढी झुडपाखाली ओढून नेली होती आणि वर गवत, काटक्या टाकून झाकली होती. म्हणजे तो परत येणार. तिने घोडा लांब बांधला, वारा तोंडावर येईल अशा खडकामागे आडवी झाली आणि वाट बघत राहिली. पायांची बोटं बधिर झाली. दोनदा वाटलं की उठावं आणि जावं.

उजेड पिवळा झाला तेव्हा तो आला. आवाज नाही, चाहूल नाही. खडकांमध्ये जिथे काही नव्हतं तिथे तो उभा होता. तिने पितळी माशी त्याच्या खांद्यामागे धरली आणि चाप ओढला.

टक्.

काडतूस रुसलं होतं. प्यूमाने मान वळवून थेट तिच्याकडे पाहिलं. अमांसियोने बजावलं होतं, उडालं नाही तर लगेच बोल्ट उघडायचा नाही, उशिरानेही उडतं. ती दात आवळून थांबली. जनावर हललं नाही. तीही हलली नाही. मग तिने बोल्ट ओढला, आणि तो आवाज ऐकून प्यूमा वळला. तो वळतानाच तिने बार काढला.

तो उंच उडाला आणि काटेरी झुडपांत घुसला. बर्फावर रक्त होतं. रोसेंदा मला पुढे म्हणाली, की तिथून मागे फिरावं असं तिला वाटलं नाही, कारण मागे काहीच नव्हतं. ती रायफल पुढे धरून झुडपांत शिरली. जनावर तिथेच बसलं होतं, चारपाच पावलांवर. तोंडातून फेस येत होता आणि ते तिच्याकडे बघत होतं, रागाने नाही, थकल्यासारखं. तिने डोळे मिटले नाहीत. तिसरं काडतूस उडालं.

घोडा जनावराला जवळ येऊ देईना. तिने घोड्याच्या डोळ्यांवर आपल्या अंगावरचा लोकरी पोंचो बांधला आणि दोरी फांदीवरून टाकून ते धूड वर ओढलं. नुसता पंजा कापून नेला असता तरी चाललं असतं. पण तिला ते अख्खंच न्यायचं होतं.

घरी पोचली तेव्हा अमांसियो अंगणात उभा होता, डोकं उघडं, थंडीने निळा पडलेला. "दोन आवाज आले," तो म्हणाला. "मग काहीच नाही. मग काहीच नाही. तू आहेस ना?"

"आहे. मारला."

नुसत्या तिच्या शब्दावर तो आता विसंबणार नाही, हे तिला कळलं. ती त्याच्या मनगटाला धरून घोड्याकडे घेऊन गेली आणि त्याचा हात जनावराच्या पाठीवर ठेवला.

त्याने आधी हात मागे ओढला. मग बोटं केसांत रुतवली. मान, कान, थंड झालेली जीभ, सुळे. खांद्यामागची जखम सापडली तिथे थांबला. मग पोटाखाली हात घातला.

"मादी आहे," तो म्हणाला.

"हो."

"एकटीच होती?"

रोसेंदाने घोड्याच्या मानेवर डोकं टेकलं. ती थकली होती. त्या क्षणी एवढंच हवं होतं, की तो खूश व्हावा, दोघांनी आत जावं, चुलीपाशी बसावं, एक संध्याकाळ सुखाची जावी.

"नाही," ती म्हणाली. "तिच्या मागाशेजारी अजून दोन माग होते. मोठी झालेली पिल्लं असणार. ती खडकांकडे गेली."

अमांसियोने हात पुसले. त्याने वाऱ्याकडे तोंड केलं.

"मग उद्या पुन्हा जायला हवं," तो म्हणाला. "काडतुसं किती उरलीत?"

"थोडीच."

"आण. कुठली उडतील ते बघू."

तो आत गेला. ती कातडं काढायला सुरी शोधू लागली. आतून त्याचा आवाज येत होता. तो एकेक काडतूस कानापाशी नेऊन हलवत होता, आतलं बारूद कोरडं खुळखुळतं का ते ऐकत होता आणि दोन ढीग लावत होता. उडणाऱ्यांचा ढीग लहान होता.